८०-ई परत आणा म्हणताय, पण कुणासाठी?

जानेवारी उजाडला की अर्थमंत्र्यांकडे मागण्यांच्या याद्या जायला लागतात. गेली काही वर्षं त्यात एक ओळ ठरलेली असते: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट, म्हणजे आयकरातलं ८०-ई, नव्या करप्रणालीतही (जिथे दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत) लागू करा. मागणी करणारे म्हणतात, पोरांना शिकवायचं तर मध्यमवर्गाने कर्ज काढायचं, आणि ते फेडताना वर करही भरायचा, हा कुठला न्याय? विरोधक म्हणतात, सवलतींचं रान एकदाचं साफ होतंय तर होऊ द्या, दर उतरले ना, मग आता रडगाणं कसलं? दोन्हीकडची मंडळी तावातावाने बोलतात. पण ही सवलत उद्या खरोखर परत आली तर तिचा पहिला रुपया कुणाच्या हातात पडेल, हे गणित करायच्या भानगडीत दोघंही पडत नाहीत.

ते गणित अवघड नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत कर नाही. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार? तेव्हा ८०-ई नव्या प्रणालीत आलं, तर त्याचा लाभ पावणेतेरा लाखांच्या पुढे कमावणाऱ्यालाच सुरू होईल, आणि पगार जितका जास्त तितका तो वाढत जाईल. मागणी मध्यमवर्गाच्या नावाने चालली आहे, पण महाराष्ट्रातल्या किती घरांत महिन्याला लाख-सव्वा लाख पगार येतो, हे मागणी करणाऱ्यांनी स्वतःच्या नातेवाइकांत फिरून पाहावं.

माझं म्हणणं सरळ आहे. ८०-ई आहे त्या रूपात परत आणू नये. पण शिक्षणासाठी करव्यवस्थेतून मदतच नको, हेही मला मान्य नाही. वजावटीच्या जागी व्याजाच्या ठरावीक टक्क्यांची करसूट द्यावी, तिला वरची मर्यादा असावी, कोणती करप्रणाली निवडली याच्याशी तिचा संबंध नसावा, आणि ज्याला कर लागतच नाही त्याच्या कर्जखात्यात ती रक्कम रोख जमा व्हावी. सवलत कर्ज फेडणाऱ्या विद्यार्थ्याची असावी, आयकराच्या टप्प्याची नव्हे.

वजावट आणि करसूट यांतला फरक कागदावर बारीक दिसतो, खिशात मोठा असतो. वजावट उत्पन्नातून होते, त्यामुळे तिची किंमत तुमच्या कराच्या दरावर ठरते. करसूट थेट करातून होते, तिची किंमत सगळ्यांना सारखी. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या खासगी कॉलेजातून इंजिनीअर झालेला मुलगा घ्या. कर्ज सहा लाख, व्याज दहा टक्के, फेड दहा वर्षांची. हप्ता आठ हजारांच्या आसपास बसतो आणि पहिल्या वर्षाचं व्याज साठ हजारांच्या घरात जातं. चाकणला पहिली नोकरी, हातात पंचवीस हजार. खोलीभाडं, मेस, गावाकडे थोडेफार पैसे आणि त्यात हा हप्ता. या मुलाला ८०-ईतून मिळतात शून्य रुपये, कारण त्याला कर नाही. आता दुसरं घर. मुलगी अमेरिकेत एमएस करतेय, कर्ज चाळीस लाख, वर्षाचं व्याज चार लाख, सहकर्जदार वडील जुन्या प्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात. त्यांचे वाचतात १ लाख २४ हजार ८००. यात चार टक्के उपकरही धरलाय, आणि त्या उपकराचं नाव आहे ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’. शिक्षणासाठी गोळा होणाऱ्या त्या पैशातलाही काही वाटा या घराला भरावा लागला नाही! या वडिलांना दोष देण्याचं कारण नाही, त्यांनी कायद्यातलं वापरलं. पण सरकारने एकाच कारणासाठी एका घराला सव्वा लाख द्यायचे आणि दुसऱ्याला छदामही नाही, तोही ज्याचा हप्ता पगाराचा तिसरा हिस्सा खातोय त्याला नाही, ही रचना कुणी मुद्दाम आखली असती तर तिला आपण काय म्हटलं असतं?

त्यातून मधे एक फट राहते, आणि या वादात तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आपल्याकडे शिष्यवृत्त्यांची आणि शुल्कसवलतींची रेघ बऱ्याच ठिकाणी आठ लाखांवर ओढलेली आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या, २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना मिळालेली शुल्कमाफी घ्या, नाहीतर केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतली तीन टक्के व्याजसवलत घ्या: कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आणि करसवलतीचा लाभ, मागणी मान्य झाली तरी, सुरू होणार पावणेतेरा लाखांपासून. म्हणजे नऊ, दहा, अकरा लाखांचं घर ना इकडचं ना तिकडचं. नवरा एसटीत आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत, किंवा एक तलाठी आणि एक परिचारिका, असं ते घर. खऱ्या अर्थाने मध्यम असलेला हा वर्ग. त्याच्याच नावाने घोषणा द्यायच्या आणि त्याच्याच पदरात काही पडणार नाही अशी मागणी करायची, यापेक्षा वाद वाईट रीतीने कसा घालतात ते मला ठाऊक नाही.

जुन्या प्रणालीत राहा की, तिथे आहेच ना ८०-ई, असं एक उत्तर येतं. पंधरा लाख पगाराचा हिशेब करून पाहू. नव्या प्रणालीत कर आणि उपकर मिळून ९७ हजार ५००. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, बचतीवरच्या ८०-सी वजावटीचे पूर्ण दीड लाख आणि शैक्षणिक कर्जाचं चार लाख व्याज, इतकं सगळं वजा केल्यावर ९६ हजार २००. घरभाडं किंवा आरोग्यविम्याची वजावट नसेल तर चार लाखांच्या व्याजाची किंमत उरली तेराशे रुपये, आणि त्यासाठी दीड लाख पीपीएफ-विम्यात गुंतवायचे ते वेगळेच. कलम पुस्तकात आहे, पण पगारदारासाठी ते जवळपास विझलेलं आहे. तेव्हा मागणी करणाऱ्यांचा हा मुद्दा खरा की सरकारने ८०-ई रद्द न करता निष्प्रभ केलं, आणि सरळ सांगितलंही नाही. त्याबद्दलचा राग रास्त आहे. पण रास्त राग चुकीच्या मागणीवर खर्च होतोय.

आता वजावटीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद. किराणा दुकानदार फ्रीज घ्यायला कर्ज काढतो, त्याचं व्याज तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवतो आणि उरलेल्या नफ्यावर कर भरतो. मग पदवी हे पगारदाराचं भांडवल नाही का? ते मिळवायला काढलेल्या कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा झालंच पाहिजे, ही मेहेरबानी नाही, करआकारणीचं साधं तत्त्व आहे. हा मुद्दा उडवून लावता येत नाही. दानधर्माच्या भाषेत बोलणाऱ्यांपेक्षा असं म्हणणारा माणूस कितीतरी शहाणा. पण तत्त्व घ्यायचं तर पूर्ण घ्या. दुकानदाराला फ्रीजच्या मूळ किमतीवर घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावटही मिळते, तुम्हाला फीच्या मुद्दलावर काय मिळतं? दुकानदाराचा धंदा पहिली दोन वर्षं तोट्यात गेला तर तो तोटा त्याला पुढची आठ वर्षं ओढता येतो. चाकणच्या आपल्या इंजिनीअरला पहिल्या तीन वर्षांत न वापरता आलेली वजावट चौथ्या वर्षी वापरता येते का? येत नाही, ती त्या-त्या वर्षी मेली. धंद्याचं तत्त्व शिक्षणाला लावलंय असं म्हणायचं, आणि त्या तत्त्वातला कमी कमावणाऱ्याच्या उपयोगाचा भाग तेवढा गाळायचा, याला तत्त्व म्हणवत नाही.

या कलमातलं आठ वर्षांचं घड्याळ तर खास बघण्यासारखं आहे. ज्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा व्याज भरता ते पहिलं वर्ष, आणि त्यानंतर सात. बँकेच्या कर्जाची फेड पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते, सवलत आठव्या वर्षी थांबते. याला एक उत्तर आहे, की हप्त्यांत व्याजाचा मोठा भाग सुरुवातीलाच जातो, म्हणून आठ वर्षांत बरंचसं व्याज येऊन जातं. ठीक. पण शिकताना शिकवण्या घेऊन, कुठे अर्धवेळ काम करून जो विद्यार्थी स्वतः व्याज भरायला लागतो, त्याचं घड्याळ तेव्हाच सुरू होतं, कर लागत असो वा नसो. बँक अशा मुलाला व्याजदरात सूट देते, शहाणपणाचं बक्षीस म्हणून. आयकर कायदा त्याच शहाणपणाबद्दल त्याची चार-पाच वर्षं गिळून टाकतो. नोकरी लागून कर भरायची वेळ येते तेव्हा हातात तीन वर्षं शिल्लक. जो कोर्स संपून हप्ते सुरू व्हायला बँकेने दिलेली मुदत उलटेपर्यंत एक पैसाही भरत नाही, त्याला मात्र पूर्ण आठ.

फीवरची दुसरी सवलत ८०-सीमध्ये आहे. तिच्याकडे पाहिलं की हा कायदा विद्यार्थ्याला ओळखतच नाही, पालकालाच ओळखतो, हे लक्षात येतं. भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी वजा होते, दोन मुलांपर्यंत. विकासनिधी आणि देणगी त्यात धरत नाहीत. आणि स्वतःची फी? दिवसा नोकरी करून संध्याकाळी एम.कॉम. करणाऱ्या मुलीने पगारातून भरलेली फी कुठेच बसत नाही. तिच्या वडिलांनी भरली असती आणि कोर्स पूर्णवेळ असता तर चाललं असतं. जी स्वतःच्या पायावर उभी राहून शिकते तिलाच वगळणारी ही सवलत पीएफ आणि विमा यांच्यासोबत त्याच दीड लाखात कोंबलेली आहे, आणि तो दीड लाखाचा आकडा २०१४ पासून हललेला नाही. हिच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही.

८०-ई मात्र मुळात असं नव्हतं. २००५ आधी ते स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जापुरतं होतं, मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून वर्षाला चाळीस हजारांची मर्यादा होती. २००५ मध्ये मुद्दल गळालं आणि व्याजावरची मर्यादा उठली. २००७ मध्ये जोडीदार आणि मुलं आत आली. ज्याने शिकून कर्ज फेडायचं त्याच्यासाठी केलेलं कलम हळूहळू भरपूर कर भरणाऱ्या पालकाच्या सोयीचं झालं. अमर्याद व्याज आणि पालकाचा वरचा टप्पा एकत्र आले की काय होतं, ते वर सव्वा लाखाच्या उदाहरणात दिसलंच.

वजावटीऐवजी करसूट हवी, ही माझी कल्पना नाही, परदेशातून आणलेलीही नाही. ती या देशात पंधरा वर्षं चालून गेली आहे, आणि आणणारा माणूस आपला होता. मार्च १९९० मध्ये व्ही. पी. सिंह सरकारचे अर्थमंत्री म्हणून प्रा. मधु दंडवते यांनी अर्थसंकल्प मांडला. राजापूरचे खासदार, त्याआधी मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कोकणात त्यांची आठवण रेल्वेसाठी निघते, या कामासाठी कुणी काढत नाही. बचतीवरच्या ८०-सीच्या वजावटीचा फायदा वरच्या टप्प्यातल्यांना जास्त होतो, हे त्यांनी हेरलं आणि तिच्या जागी कलम ८८ आणलं: गुंतवलेल्या रकमेच्या वीस टक्के सूट, थेट करातून. कारकुनाने भविष्य निर्वाह निधीत टाकलेल्या हजार रुपयांचे दोनशे आणि संचालकाने टाकलेल्या हजाराचेही दोनशेच. पुढे २००३ मध्ये मुलांचा शिक्षणखर्चही या ८८ खाली आला. म्हणजे शिक्षणावरची करसूट काही काळ आपल्याकडे प्रत्यक्ष होती! २००५ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी ८८ मोडून एक लाखाच्या वजावटीचं ८०-सी परत आणलं. वर सांगितलेला ८०-ईचा बदलही त्याच वर्षीचा. एका अर्थसंकल्पाने दोन्ही दारं वरच्या टप्प्याकडे उघडली आणि फारसं कुणी हूं की चूं केलं नाही, कारण वजावटीचे आकडे मोठे दिसतात. ‘एक लाखाची वजावट’ हे ‘वीस टक्के सूट’पेक्षा ऐकायला भारी लागतं.

अर्थात ८८ मध्येही एक उणीव होती. कर शून्य असेल तर सूटही शून्य. ती उणीव कशी भरायची याचा धडा अमेरिकेकडून घेता येतो, आणि काय करू नये याचाही. तिथे १९९७ मध्ये क्लिंटन यांच्या काळात कॉलेजशिक्षणासाठी टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट करातून मिळणारी सूट, आली. २००९ मध्ये ओबामा सरकारने त्यांतल्या एकीला नवं रूप दिलं, ‘अमेरिकन ऑपर्च्युनिटी’ या नावाने. पहिल्या दोन हजार डॉलरच्या खर्चाचे पूर्ण आणि पुढच्या दोन हजारांचे पंचवीस टक्के, असे वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर, चार वर्षांपर्यंत. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे हजार डॉलरपर्यंत, कर नसला तरी हातात मिळू शकतात. एका ठरावीक उत्पन्नाच्या पुढे ती आटत जाते आणि संपते. वरच्या टप्प्याला कमी, खालच्याला रोख: आपल्या ८०-ईच्या अगदी उलट.

मग अमेरिकेत सगळं छान झालं का? नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जॉर्ज बुलमन आणि कॅरोलाइन हॉक्सबी या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये करविवरणांच्या प्रचंड माहितीवरून तपासलं की या क्रेडिटमुळे जास्त मुलं कॉलेजात गेली का. परिणाम जवळपास शून्य. कारण उघड आहे. फी ऑगस्टमध्ये भरायची, क्रेडिट मिळणार पुढच्या वसंतात रिटर्न भरल्यावर. ज्याच्याकडे ऑगस्टमध्ये पैसे नाहीत त्याला मार्चमधल्या परताव्याचा काय उपयोग? याउलट, अर्थतज्ज्ञ सुझन डायनार्स्की यांनी वडील वारलेल्या मुलांना सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतून शिक्षण सुरू असताना मिळणाऱ्या मासिक मदतीचा अभ्यास केला. १९८२ मध्ये ती मदत बंद करायला घेतली, आणि अशा मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण ठळकपणे घसरलं. दारात मिळालेला पैसा दार उघडतो, नंतर मिळालेला उघडत नाही. हे आपल्याला कुणी परक्याने सांगायलाही नको होतं. १९१३ मध्ये कोलंबियाला निघालेल्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिकून या, मग दरबारात हिशेब सादर करा, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं?

म्हणून करसवलतीच्या नावाखाली ‘शिक्षणाला प्रोत्साहन’ हा शब्दप्रयोग बंद करावा, असं मला वाटतं. करसवलतीमुळे कुणी कॉलेजात जात नाही. त्यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह, वेळेवर मिळणारा निर्वाहभत्ता लागतो. करव्यवस्था एकच काम नीट करू शकते: शिकून झाल्यावर फेडीचा भार हलका करणं. ते काम ओळखलं की कुणाचा भार हलका करायचा हेही ओळखता येतं, पगाराच्या मानाने ज्याचा हप्ता जड आहे त्याचा. ८०-ई तंतोतंत त्यालाच सोडून देतं.

जाता जाता अमेरिकेतल्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट, कारण पुण्या-नाशिककडून गेलेल्या बऱ्याच जणांची यात फसगत होते. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता अनिवासी असतो. त्याने १०४०-एनआर हा अनिवासींचा रिटर्न भरायचा असतो आणि त्याला ही ‘अमेरिकन ऑपर्च्युनिटी’ क्रेडिट एरवी मिळत नाही. बाजारातलं सॉफ्टवेअर सरसकट १०४०, म्हणजे निवासींचा रिटर्न भरून देतं, फीची नोंद असलेला कॉलेजचा १०९८-टी हातात असतोच, हजार डॉलर खात्यात येतात, सीनियर म्हणतो सगळेच घेतात. पुढे नोटीस आली की ते परत करावे लागतात, आणि बेपर्वाईने दावा केल्याचं ठरलं तर दोन वर्षं क्रेडिटवर बंदी येऊ शकते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी खरी सवलत वेगळीच आहे: १९८९ च्या भारत-अमेरिका कराराच्या एकविसाव्या अनुच्छेदामुळे अनिवासी असूनही त्यांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. हक्काचं सोडायचं आणि हक्काचं नसलेलं घ्यायचं, हे करसवलतींच्या गुंत्यात वारंवार होतं. सवलती छाटा म्हणणाऱ्यांची बाजू इथे मला पटते.

त्यांचा कैवार पुण्याच्या विजय केळकरांनीही घेतला होता. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलाने २००२ मध्ये प्रत्यक्ष करांतल्या सवलती छाटून दर कमी करा, असं सुचवलं. नवी प्रणाली त्याच विचाराची नात. सवलती वाढल्या की सल्लागार वाढतात आणि प्रामाणिक माणूस गोंधळतो, हे खरं. पण व्याजावरची सरसकट करसूट हा गुंता वाढवत नाही. बँकेला किती व्याज मिळालं हे बँकेच्या संगणकात आहे, पॅन जोडलेला आहे. ते वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, आपोआप उमटवता येईल. विद्यार्थ्याने शून्य कराचं रिटर्न भरलं की रक्कम कर्जखात्यात. सीएची गरज नाही, आणि दोन प्रणालींतून निवड करण्याची डोकेदुखीही नाही.

आणि इथे मध्यमवर्गाच्या आणखी एका म्हणण्याला मी पूर्ण मान देतो. करसवलत लोकांना आवडते कारण तिच्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मग राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला, मग ‘त्रुटी’, मग पुन्हा तोच दाखला नव्या तारखेचा. पैसे येईपर्यंत कधीकधी वर्ष उलटतं, आणि तोवर कॉलेजच्या खिडकीतला माणूस फी भरा म्हणत असतो. या फरपटीपुढे आयकराचा परतावा म्हणजे दिलासाच, महिना-दीड महिन्यात मेसेज येतो. ‘सवलत बंद करा, शिष्यवृत्ती वाढवा’ असं एसीत बसून सांगणाऱ्यांनी एकदा ही रांग लावून पाहावी. पण याचा निष्कर्ष काय? आयकर खात्याचा नळ जर इतका चांगला वाहतो, तर त्याला कमी कमावणाऱ्यांची घरंही जोडा. चांगली यंत्रणा फक्त कर भरणाऱ्यांसाठी राखून ठेवायची आणि इतरांना तहसीलच्या पायऱ्यांवर पाठवायचं, हे कुठल्या तत्त्वात बसतं?

अशी सूट दिली तर कॉलेजांच्या फी वाढतील, अशी भीती काही जण घालतात. ती पोकळ नाही. अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या ज्या संस्थांना सरकारी मदतीचा लाभ मिळत होता, त्यांची फी तशाच पण मदत न घेणाऱ्या संस्थांपेक्षा सुमारे तीन चतुर्थांशाने जास्त असल्याचं सेलिनी आणि गोल्डिन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आहे. मात्र ती मदत फीला होती. इथे सूट व्याजाच्या एका तुकड्यावर आहे, तीही मर्यादेत आणि शिकून झाल्यावर. संस्थाचालकाला तिचा वास लागायला फार लांबून हुंगावं लागेल. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते किती कठोरपणे वागतं हा वेगळ्या लेखाचा विषय.

आकडा काय असावा? माझ्या मते व्याजाच्या वीस टक्के, दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर. दंडवत्यांचाच दर. चाकणच्या मुलाला साठ हजारांवर बारा हजार, म्हणजे दीड हप्ता. दहा लाखांच्या त्या शिक्षिकेच्या घराला लाखभर व्याजावर वीस हजार. तीस टक्क्यांतल्या वडिलांना सव्वा लाखाऐवजी चाळीस हजार. आठ वर्षांचं घड्याळही काढून टाकावं, व्याज चालू असेतो सूट चालू. तिजोरीवर भार येईल, हो. पण त्याचा काही भाग मर्यादा घातल्याने वरून निघेल, आणि उरलेला सरकारने उचलावा. मोठ्या वजावटी देताना कुणी पैसा कुठून आणणार असं विचारलं नव्हतं, मग खालच्यांचा विषय निघाल्यावरच तिजोरी का आठवते?

परदेशी शिक्षणाच्या कर्जाला सूट द्यावी की नाही, यावर माझ्या बाजूच्याच लोकांशी माझं जमत नाही. ते म्हणतात, बाहेर जाणाऱ्याला आपल्या करातून का द्यायचं, पीएम-विद्यालक्ष्मीही देशातल्या संस्थांपुरतीच आहे. मी म्हणतो, द्यावी, त्याच दोन लाखांच्या मर्यादेत. तालुक्याच्या गावातून घर तारण ठेवून जर्मनीला गेलेल्या मुलाचं कर्ज इथल्याच बँकेचं आहे, आणि परत येऊन किंवा तिथून पैसे पाठवून तो ते फेडतोय. चाळीस लाखांच्या कर्जावरचं व्याज सगळंच्या सगळं करदात्यांनी वाटून घ्यावं, एवढं मात्र कुणाचंच शिक्षण महाग नसतं.